चित्र की आवाज

गाझियाबादच्या आमच्या नव्या सोसायटीखाली लग्नांच्या व्हिडिओचं एडिटिंग करणारा एक माणूस होता. कॉम्प्युटरसमोर बसण्याआधी तो चपला काढून ठेवायचा. हे सीमेवर मारले गेले, त्याला चार महिने झाले होते. ह्यांची एकुलती एक व्हिडिओ कॅसेट सीडीवर घ्यायला मी त्याच्याकडे गेले.

कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेणारं, करोल बागेतून आणलेलं त्याचं स्वस्त कॅप्चर कार्ड दर वेळी मध्येच अडकायचं. चित्र पुढे जायचं, आवाज मागे राहायचा. ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा तो कॉम्प्युटरवर हात ठेवायचा आणि कॅसेट पुन्हा पहिल्यापासून चालवायचा. पाचव्या खेपेला चित्रावर पांढऱ्या रेघा उमटल्या. टेप झिजली होती.

त्याने चष्मा काढला. "बहनजी, टेप बस एक बार और चलेगी. कार्ड दोनों साथ नहीं ले रहा. तस्वीर रखूं या आवाज़?"

मी तस्वीर म्हणाले. तरी बराच वेळ त्याच्याच्याने बटण दाबवेना.

आता सीडी लावली की मुलगा विचारतो, "आई, बाबा काय बोलतायत?" मी ह्यांच्या ओठांकडे बघत दर वेळी काहीतरी वेगळंच सांगते.