बुडालेल्या सायकलस्वाराबाबत

विषय : आमठाणे धरणावर बुडालेल्या सायकलस्वाराबाबत.
संदर्भ : माझाच, त्याच दिवशीचा, त्याच विषयावरचा अर्ज.

विषय वाचून हळहळू नका. चहा प्या. जन्मभर सरकारी कारकुनी केली, दुसऱ्यांच्या चुकांखाली लाल रेघा मारल्या. पण मी स्वतः जी करून बसलो, तिच्याखाली रेघ मारायला दौतभर शाई पुरणार नाही. सांगतो. मध्ये बोलू नका.

निवृत्तीनंतर रक्तातली साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, चाला. बेळगावहून मुलगा म्हणाला, चालता कसले, सायकल चालवा! आणि त्याने ती पाठवूनच दिली. तांबडी, गिअरची, बसायची जागा भज्याएवढी. सोबत डोक्याला हेल्मेट, कोंबडीच्या पिलासारखं पिवळं जाकीट आणि एक तंग अर्धी चड्डी. ती पाहून आमची बायको सुमन म्हणाली, "बाजारात भेटलात तर मला ओळख दाखवू नका."

मुलाने फोनवर नकाशाही घालून दिला होता. आमच्या साखळी गावाहून डिचोली, तिथून आमठाण्याचं धरण, मग पाण्याला वळसा घालून डोंगरातून परत, अशी निळी रेघ. एका रविवारी निघालो. पलीकडच्या काठापर्यंत ठीक गेलो. तिथे ती निळी रेघ सरळ डोंगरात शिरली. रेघेला काय, दम लागत नाही!

म्हटलं, आधी पायी चढून बघावं रस्ता आहे का. सायकल पाण्याकाठी लावली. नवे बूट चावत होते, ते काढून तिथेच ठेवले आणि पिशवीतल्या चपला घातल्या. उकडत होतं, म्हणून जाकीट आणि हेल्मेट हँडलला अडकवलं. फोनला रेंज नव्हती, तो पिशवीत टाकला आणि पिशवीही तिथेच ठेवली. राहिली ती चड्डी. काजूचे दिवस. वर बायका काजू वेचत असणार. मी कमरेला टॉवेल गुंडाळला.

वर रस्ता नव्हता. काजूचं एक झाड दुसऱ्यासारखं दिसतं, हे मला त्या दिवशी कळलं. भटकून भटकून शेवटी एका पायवाटेने उतरलो, तो थेट धरणाच्या बांधावर. माझी सायकल पाण्यापलीकडे, आणि बांधावर ही गर्दी!

"काय झालं हो?" मी विचारलं.

"माणूस बुडालो!" एक मासेमार म्हणाला. त्याचं नाव बाबुसो. "पलीकडे सायकल आसा, बूट आसत, माणूस नाय!"

"कोण माणूस?"

"फिरंगी कोणतरी. पिवळो जाकीट घालून आपलो माणूस कशाक फिरतलो? मगरीन न्हेल्यान, दुसरा काय!"

अहो, माझ्या अंगावर सर्रकन काटा आला! या पाण्यात मगरी आहेत हे ऐकून होतो, आणि तास-दोन तासांपूर्वी मी त्याच काठावर पाय धुतले होते. थोडक्यात वाचलो म्हणून मनातल्या मनात देवाला हात जोडले. आणि मग काय झालं कोण जाणे, त्या बुडालेल्याचा मला भयंकर राग आला.

"अक्कल नसते या लोकांना," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "घरी बायकापोरं असतील त्याची! अनोळखी पाण्यात कशाला उतरायचं?"

"खरा बोललात, भाटकारानु!" सगळ्यांनी माना डोलावल्या. गंजीफ्रॉक आणि टॉवेल बघून त्यांनी मला कुठल्यातरी काजूच्या बागेचा मालक ठरवलं होतं. मीही नाही म्हटलं नाही. त्या चड्डीचा खुलासा कोण करत बसणार?

एका म्हाताऱ्याने नारळ पुढ्यात ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! ह्या पाण्यात जो कोण परको माणूस गेलो आसा, तो जसो आसा तसो आमका गावू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज कोणाचा होता, ते विचारू नका.

तेवढ्यात गावच्या पंचायतीतल्या पंचबाई आल्या. म्हणाल्या, "मगरींचा बोर्ड लावा म्हणून किती सांगितलं वरच्यांना! आज लेखी द्यायचंच. अर्ज कोण लिहितो?"

निवृत्त कारकुनासमोर हा प्रश्न विचारू नये. "कागद आणा," मी म्हणालो.

बाबुसो होडी घेऊन पलीकडे गेला आणि तिथून ओरडून एकेक वस्तू सांगू लागला.

"सायकल एक! तांबडी!"

"लिहिलं!"

"बूट एक जोड! नवे!"

"लिहिलं!"

"पिवळो जाकीट एक! पोट मोठा होता माणसाचा!"

"इसम स्थूल," मी लिहिलं.

तुम्ही म्हणाल, इथे तरी उजेड पडायला हवा होता. अहो, नोकरीभर लोकांची वर्णनं उतरवून घेतली. लिहिताना अर्थाकडे बघायची सवय कुठे होती! शिवाय बुडालेला फिरंगी होता, हे आमच्यात ठरलेलं होतं. मी खाली झोकात सही ठोकली. पंचबाईंनी फोनने अर्जाचा फोटो काढला आणि कचेरीला धाडूनही दिला. काय ही गती! आमच्या वेळी आवक नोंद व्हायलाच आठवडा जायचा.

बाबुसो सामान घेऊन परतला. कोणीतरी पिशवीतला डबा उघडला. दोन उंडे पाव आणि कारल्याची भाजी, गूळ न घातलेली.

"फिरंगी कार्ली खाता?" बाबुसो चक्रावला.

साखळीपासून मोप्यापर्यंत बिनगुळाची कारली नवऱ्याला बांधून देणारी बाई एकच आहे. मी प्रथमच त्या सायकलकडे नीट पाहिलं. बसायची जागा. भजं!

आणि त्याच क्षणी पिशवीतला फोन वाजला. पंचबाईंनी तो उचलला, मोठ्या आवाजावर टाकला.

"पोचलात का हो?" सुमनचा आवाज.

"बाई, मन घट्ट करा," पंचबाई म्हणाल्या. "ह्या फोनचे मालक धरणात बुडाले."

पलीकडून एकदम बारीक आवाज : "असं नका हो बोलू…"

तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. 'अगं, मी आहे!' असं ओरडायचं होतं, पण घशातून नुसतं 'अ… अ…' निघालं.

"भाटकारांका सोसना नाय," बाबुसो म्हणाला. "तेंका पाणी द्या!"

पंचबाई बिचाऱ्या धीर देत होत्या. "आम्ही सगळं करतोय, बाई. अर्जसुद्धा गेला. ह्या भाटकारांनी जागच्या जागी लिहून दिला."

"कोणी?" सुमनचा आवाज बदलला. "वाचा बघू तो."

पंचबाई वाचू लागल्या. "उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, सदर इसम हा वयास न शोभणाऱ्या पोशाखात, स्वतःच्या अविचाराने पाण्यात उतरला असावा, असे प्रथमदर्शनी दिसून येते. तरी सदर बाब सहानुभूतीपूर्वक…"

"पुरे!" सुमन म्हणाली. तिने मोठ्याने नाक ओढलं. "ते जिवंत आहेत. तुमच्या शेजारीच उभे असतील. मुलाच्या लग्नाची पत्रिकासुद्धा त्यांनी अशीच लिहिली होती. फोन द्या त्यांच्याकडे!"

सगळ्या गर्दीने माझ्याकडे पाहिलं. पुरावा मागितला गेला. भर बांधावर, पंचबाईंनी तोंड वळवल्यावर, मी टॉवेल सोडून चड्डी दाखवली.

बाबुसो थक्क झाला. "देवान ऐकल्यान! जसो आसा तसो गावलो!" आणि गाऱ्हाण्याच्या नारळाचे पैसे माझ्याकडूनच घेतले.

देवाकडचं प्रकरण असं तासाभरात निकाली निघालं. कचेरीतलं राहिलं. अर्ज मागे घ्यावा म्हणून सोमवारी गेलो. टेबलामागचा कारकून तरुण, पण तयारीचा होता.

"आपण अर्जदार म्हणून आलात, की बुडालेले म्हणून?"

"दोन्ही."

"मग अर्जदाराने बुडालेल्याची ओळख पटवून द्यावी."

"अहो, तो मीच!"

"ते आपण म्हणता. कागदावर 'अनोळखी' लिहिलंय. सही आपलीच ना?"

मी त्याच्या जागी असतो तर हेच विचारलं असतं, हे सांगायला मला लाज वाटते. त्याने माझ्या अर्जावर शेरा मारला. टेबलापलीकडून उलटं वाचणं ही माझी जुनी विद्या : 'सदर इसम सापडल्याबाबत त्रयस्थाचा दाखला आवश्यक.'

मगरींचा बोर्ड लागला. त्यावर खाली बारीक अक्षरात 'येथे एक स्थूल इसम बुडाला आहे' असं आहे. मी बुडालो नसल्याबाबतचा अर्ज अद्याप प्रलंबित आहे.