पंचाहत्तर मिनिटांवरचं पुणं

आमचा नागोजीअण्णा गावाजवळच्या सांबऱ्याच्या विमानतळावर कामाला लागला आणि त्याचे पाय जमिनीवर ठरेनात. लढाईचे दिवस होते. मराठी सातवी झालेला, इंग्रजी आकडे येत. कुठलं विमान कधी सुटलं, कुठं कधी पोचलं, ते फळ्यावर खडूनं लिहायचं, एवढंच काम. पण ऐट अशी, की विमानं हाच उडवतो!

सांबरा ते पुण्याचं लोहगाव पंचाहत्तर मिनिटं, हे त्याला तोंडपाठ. आमची थोरली बहीण जयाआक्का पुण्यात रास्ता पेठेत दिलेली. आई गेल्यावर तिनंच आम्हा दोघांना वाढवलं. पूर्वी अण्णा रेल्वेत रात्र काढून भाऊबीजेला न चुकता जायचा. विमानतळावर लागल्यापासून दोन दिवाळ्या गेलाच नाही. एका गोऱ्या साहेबानं "तुला एकदा नेईन" म्हटलेलं, तेवढ्यावर हा म्हणे, "पुणं काय रं, सव्वा तासावर! जाईन कवाबी."

चव्वेचाळीसच्या श्रावणात तार आली : आक्का अत्यवस्थ, लगेच या. संध्याकाळची गाडी होती. मी पिशवी भरली.

"अण्णा, चल."

"तू हो म्होरं. रातभर डब्यात कशाला आंबायचं? साहेबाला इचारलंय. सकाळी सातला न्हेतो म्हणालाय. तुझ्या आदी मी आक्काच्या दारात!"

"आबाळ भरलंय, बघितलंस का?"

"मला शिकवतोस व्हय रं?"

मी चिडून एकटाच निघालो. त्याला हाताला धरून ओढत न्यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सांबऱ्यावर ढग असे उतरले, की एकही विमान हललं नाही. आता उघडेल, मग उघडेल, असं करत अण्णा दिवसभर तिथं बसून राहिला. संध्याकाळी शेवटी गाडीच धरली.

इकडे मी सकाळी पोचलो तेव्हा आक्का शुद्धीत होती. दार वाजलं की विचारायची, "नागू आला का रं?" मी म्हणायचो, येतोय. दुपारी ती गेली. दाजी दिवस मावळेपर्यंत थांबले, मग उचललं.

अण्णा आला तो तिसऱ्या दिवशी सकाळी. आत न येता पायरीवरच बसला. मग म्हणाला, "शुद्धीत व्हती?"

"व्हती."

"मला इचारलं का रं?"

'न्हाय' म्हणायला माझ्या बापाचं काय जात होतं? पण परवाचा राग अजून पोटात होता.

"तीन डाव इचारलं," मी म्हणालो.

अण्णा रडला नाही.

त्याला आता तीन वर्षं झाली. भाऊबीजेला तो पहाटेच शेताकडं जातो आणि दिवे लागले तरी घरी येत नाही. तो वेळेवर आला नाही, याचं मला आता काही वाटत नाही. मी त्याला खरं सांगितलं, हे मात्र खात राहतं.