पस्तिसाला पास

येवल्याला नोकरी लागली आणि खानावळीच्या तेलावर मी चांगलाच सुटलो. तरी दर शनिवारी एसटीने येऊन द्वारका चौकाजवळच्या आमच्या दोन खोल्यांच्या दारात उभा राहिलो, की आई म्हणायचीच, "किती वाळलास रे!" मागोमाग डिंकाच्या लाडवांचा डबा. आठवडाभर तिचं लक्ष त्या डब्यातच असायचं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. जिना चढताना धाप लागते म्हणून डॉक्टरांना दाखवलं, तर औषधाऐवजी त्यांनी गणितच दिलं. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने भागायचं आणि आलेल्या उत्तराला पुन्हा त्याच उंचीने भागायचं. उत्तर पंचविसाच्या वर गेलं, तर गोड बंद. आता हे आईला सांगायचं कसं?

उंची आम्हाला फुटात ठाऊक. मीटर फक्त कापडाच्या दुकानात. शेवटी आईच्या शिलाई मशीनची टेप घेऊन धाकट्या बहिणीने मला दाराच्या चौकटीला उभं केलं. एकशे त्रेसष्ट सेंटीमीटर, म्हणजे एक पूर्णांक त्रेसष्ट मीटर. वजन बहात्तर. मी भागाकार केला आणि घामच फुटला.

"आई, चव्वेचाळीस आलं गं!"

"मग? पस्तिसाला पास असतं ना? झालास की पास!"

"दादा, दोनदा भाग. गणितात कायम असाच होतास," बहीण म्हणाली.

दुसऱ्यांदा भागलं, तर सत्तावीस. मी डबा हळूच बाजूला सारला आणि डॉक्टरांचं म्हणणं एकदाचं सांगून टाकलं.

आई डब्याच्या झाकणावरून पदर फिरवत राहिली. मग म्हणाली, "सत्तावीस म्हणजे नापासच. वाळलायस म्हणते ते काय उगाच?" आणि एक लाडू माझ्यापुढे धरला. हात तसाच धरलेला.

तिच्या चेहऱ्याकडे बघून मी तो खाल्ला. मग दुसराही खाल्ला. दुसरा मात्र निव्वळ हावरटपणा, त्यात मातृभक्ती वगैरे काही नव्हती.

परवा तपासणीत माझं उत्तर चोवीस आलं. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. घरी आलो, चपला काढल्या आणि दारात उगाच जरा थांबलो. आता खरंच वाळलोय, आणि तसं म्हणणारं कुणी नाही.