गार नळी

अंबाडीच्या हिराजीने गुजरातेत तेलाच्या विहिरींवर बावीस वर्षं ड्युटी केली. मोटर फिरली की पंपाचा लोखंडी दांडा मान डोलवी आणि त्याला टांगलेली लांबलचक सळई जमिनीच्या पोटातलं तेल उचलून आणी. “मान काय, नंदीबैलही डोलवतो,” हिराजी म्हणे आणि तेलाच्या नळीला तळवा लावी. कोमट लागली तर तेल येतंय. गार लागली तर दांडा उगाच हलतोय.

२००६ साली भिवंडीच्या दवाखान्यात त्याच्या बायकोला, यमुनाला, श्वासाच्या मशीनवर ठेवलं. छाती खालीवर होत होती.

“बाबा, आई श्वास घेतेय,” मुलगा हितेश म्हणाला.

हिराजीने यमुनाच्या पावलाला तळवा लावला. बराच वेळ काढलाच नाही.

“पंप चालू हाय, पोरा,” तो म्हणाला. “नळी गार हाय.”