नावाची ताटं

शरदिनीकाकूंशी वाद घालू नये, हे काशीतल्या पंचगंगा घाटावरच्या आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांनाही कळतं. कळत नव्हतं ते फक्त मराठी मंडळाचे अध्यक्ष गोपीनाथराव यांना.

काकू शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या. सात वर्षांपूर्वी मंडळाच्या एका जेवणानंतर चंदेरी प्लास्टिक चिकटवलेल्या कागदी ताटांचा ढीग गल्लीत पडला आणि निम्मा वाऱ्याने पायऱ्यांवरून गंगेत गेला. त्याच महिन्यात त्यांच्या यजमानांचं वर्षश्राद्ध होतं. काकूंनी माळ्यावरची पंचवीस स्टीलची ताटं काढली, त्यांवर 'कै. बिंदुमाधव यांच्या स्मरणार्थ' असं कोरून घेतलं आणि मंडळाच्या जिन्याखालची खोली मागून घेतली. मग घरोघर फिरल्या. "कबाड्याला देता त्यापेक्षा मला द्या. माणसाचं नाव राहील." नावासाठी आपले लोक काय करत नाहीत! माळे रिकामे झाले, खोली भरली. बारसं असो नाही तर तेरावं, मराठी घर असो की होडी चालवणाऱ्या मल्लाहाचं, ताटं न्यायची आणि घासून परत आणायची, एवढीच अट. मंडळाच्या जेवणानंतर गल्लीत कचरा म्हणून दिसेनासा झाला.

ताटांच्या चळती दोन. लग्नात आलेली ताटं शुभकार्याला, स्मरणार्थ दिलेली बाकी सगळ्याला. त्या लावायला मी, म्हणजे शेजारची पद्मा, मदत करते. फाल्गुनात गोपीनाथरावांच्या सुनेचं, वैदेहीचं, डोहाळजेवण होतं आणि मी गप्पांच्या नादात चळती उलट्या लावल्या. वैदेहीने शेवटची खीर निपटून घेतली, तर ताटाच्या तळाशी बिंदुमाधवकाका. कै. सकट.

मग काय विचारता! पोरीला आठवा महिना, आणि हा अपशकुन! गोपीनाथरावांनी त्याच आठवड्यात बैठक बोलावली. "एक तर सगळी नावं घासून काढा, नाही तर पाडव्यापर्यंत खोली खाली करा. पाडव्याच्या जेवणाला मी डिस्पोजेबल मागवतोय. झंझटच नको."

चूक माझी होती. मी उठणार, तेवढ्यात काकूंनी माझा हात दाबला आणि म्हणाल्या, "नावावर मागितलेली ताटं आहेत. नाव पुसलं तर मी खोटी पडेन. नाही पुसणार." खोलीची किल्ली त्यांनी पदराला बांधली आणि निघून आल्या. घरी येऊन मात्र रडल्या. मलाही स्वतःचा इतका राग आला की रात्रीचं जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन त्या भांड्यांच्या ठठेरी बाजारात गेल्या. नाव कोरणाऱ्यापुढे एक कोरं ताट ठेवलं आणि चिठ्ठी दिली. त्याने वाचली आणि विचारलं, "ये शरदिनी कौन हैं?"

"हम."

त्याने मशीन खाली ठेवलं. "चाची, जिंदा आदमी के आगे ये नहीं लिखते. पाप लगेगा."

"पाप हमारा, मशीन तुम्हारी. लिखो."

पाडव्याला मंडळात दारापाशी डिस्पोजेबलचे गठ्ठे रचलेले. काकूंनी जिन्याखालची ताटं काढून समोर मांडली आणि स्वतः पंगतीत पहिल्या बसल्या. पुढ्यात ते नवं ताट. अक्षरं दाराशी उभं राहून वाचता येतील एवढी मोठी: 'कै. शरदिनी यांच्या स्मरणार्थ'. बायकांनी तोंडावर हात ठेवले. कोणी बसेना.

"वहिनी, सणासुदीला हे काय अभद्र!" गोपीनाथराव ओरडले.

"अभद्र ते, जे तुम्ही दाराशी रचलंय. कै. लिहिल्याने माणूस मरत असेल तर मी आत्ता मरेन. बघत उभे राहा. पद्मा, वाढ."

मी वाढलं. थोडं वरण ताटाबाहेर सांडलं. काकू वरणभात कालवून जेवू लागल्या. दीडशे माणसं एका बाईचं जेवण बघत उभी होती. मला तर वाटलं, आता काकूंना साधा ठसका लागला तरी आम्ही मेलो.

तेवढ्यात गोपीनाथरावांच्या बायकोने, अंबिकावहिनींनी, चळतीतून एक ताट शोधून काढलं. त्यावर त्यांच्या सासूबाईंचं नाव होतं. त्या काकूंशेजारी मांडी घालून बसल्या.

"अंबिका!"

"सासूबाईंमुळे मरायचं असतं तर मी तीस वर्षांपूर्वीच गेले असते," त्या म्हणाल्या. "वैदेही, तू पण बस ग. पद्मा, हिला श्रीखंड जास्त वाढ."

हसण्याचा असा स्फोट झाला की पंगत कधी भरली कळलंच नाही. आपल्या आजीचं, काकाचं ताट शोधायला झुंबड उडाली. गोपीनाथराव गठ्ठ्यांपाशी एकटे राहिले. बराच वेळ इकडेतिकडे बघून ते काकूंपाशी आले आणि घसा खाकरून म्हणाले, "ठीक आहे. खोलीची किल्ली ठेवा तुमच्याकडे."

काकूंनी मान वर केली नाही. घास गिळला आणि म्हणाल्या, "मी दिली कधी होती?"