व्हिसासाठी आणलेला नवरा

तात्यांनी आधी माझ्या टेबलावर पासपोर्ट ठेवला. मग सातबारा. मग बँकेचं स्टेटमेंट. आणि सगळ्यात शेवटी, समोरच्या खुर्चीवर, एक नवरा मुलगा ठेवला.

"घ्या साहेब," तात्या म्हणाले. "फाइल पुरी झाली."

मुलाचं नाव किरण. कडक इस्त्रीचा शर्ट, कपाळावर टिळा, हातात नारळ. शेजारी त्याचे वडील, दिंडोरीचे बाळासाहेब. त्यांची मिशी अशी की दोन्ही टोकांवर एकेक पोपट सुखानं झोपला असता. आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती तात्यांची मुलगी वैशाली मागच्या बाकावर बसून माझ्या भिंतीवरच्या आयफेल टॉवरच्या पोस्टरकडे इतक्या रागानं बघत होती, की टॉवर थोडा वाकल्याचं मी स्वतः पाहिलं.

मी ट्रॅव्हल एजंट. ऑफिस नाशिकच्या कॅनडा कॉर्नरला. पत्त्यात कॅनडा असल्यामुळे निम्मी गिऱ्हाइकं मला थेट तिकडचाच माणूस समजायची, आणि मीही कधी कुणाचं मन मोडलं नाही. ही गोष्ट दोन हजार सालाच्या आसपासची. तोवर मी नाशिकची इतकी माणसं परदेशी पाठवली होती, की लंडनमध्ये कोणी शिंकलं तर पंचवटीत 'सत्य आहे' म्हणत.

तात्या मखमलाबादचे. आधी मेथी-कोथिंबीर, मग झेंडू, आणि आता गुलाब. गुलाब म्हणजे साधे नव्हेत, पॉलीहाउसमधले. पॉलीहाउस म्हणजे प्लास्टिकचं छप्पर घातलेलं शेत. त्या गुलाबांची रोपं हॉलंडहून आली, आणि ती नीट लागली का हे बघायला यान नावाचा एक साडेसहा फुटी तज्ज्ञ आला. तात्यांच्या घरी तो दोन दिवस राहिला. पहिल्या जेवणाला ठेचा खाल्ला आणि नंतर विहिरीची पातळी हातभर खाली गेली, असं तात्या सांगतात. मी फक्त वीतभर धरतो.

वैशालीची बीएस्सी ॲग्रीची शेवटची परीक्षा व्हायची होती. पण पॉलीहाउसमध्ये यानच्या मागे मागे फिरून तिनं इतके प्रश्न विचारले, की जाताना तो म्हणाला, "उन्हाळ्यात आमच्याकडे ये. महिनाभर माझ्या बायकामुलांबरोबर राहा. काचघरं बघ, फुलांचा लिलाव बघ."

तात्यांनी चक्क होकार दिला. "पोरगी हुशार हाय, जाऊ द्या. आम्ही आयुष्यभर मार्केट यार्ड बघितलं, तिला तिकडचं बघू द्या." इतका सरळ बाप माझ्या धंद्यात दहा वर्षांत एखादा भेटतो. गडबड पुढे झाली.

हॉलंडला शेंगेन व्हिसा लागतो. म्हणजे युरोपातल्या डझनभर देशांनी मिळून एकच दार ठेवलंय. त्या दारातल्या साहेबाच्या मनात एकच शंका असते: हा माणूस परत जाणार का? एकवीस वर्षांची, बिनलग्नाची, नोकरी नसलेली, पहिल्यांदाच विमानात बसणारी मुलगी म्हणजे आमच्या भाषेत 'वीक प्रोफाइल'. त्यावर उपाय 'टाइज' दाखवणं. टाइज म्हणजे माणसाला घराकडे ओढून आणणारे दोर. शेती, धंदा, पुढची कामं.

हे सगळं मी तात्यांना सोपं करून सांगितलं. "तात्या, तिला इथं बांधून ठेवणारं काहीतरी भक्कम दाखवा."

मी जे सांगितलं ते शंभर टक्के बरोबर होतं. तात्यांनी ते ऐकलं मुलीच्या बापाच्या कानांनी. आठवड्याच्या आत ते किरणला घेऊन हजर.

"तात्या, हे काय?"

"तुम्हीच म्हणले ना, बांधून ठेवणारं पायजे? याच्याहून भक्कम काय असतं? काल बघायचा कार्यक्रम उरकला. रविवारी साखरपुडा. फोटो लावा फाइलीला, दिवाळीनंतर बार उडवून देऊ."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाळासाहेबांनी घसा साफ केला.

"एक अडचण हे, साहेब. साखरपुडा झाला की पोरगी आमच्या घरची. आन आमच्या घरची सून लग्नाआधी महिनाभर एकटी परमुलखात? पाव्हण्यारावळ्यात काय तोंड दाखवू? लग्न होऊ द्या, मग जातील जोडीनं."

"मग आत्ताचं?" तात्या गोंधळले.

"आत्ताचं राह्यलं."

माझ्या तीस वर्षांच्या कारकिर्दीत असा पुरावा मी पाहिलेला नाही. पोरगी परत येईल हे सिद्ध करायला आणलेल्या माणसानं पोरगी जाणारच नाही, याचीच व्यवस्था केली होती.

वैशाली उठली. "तात्या, म्हणजे मी जायचंच नाही?"

"जाशील की. पुढल्या साली."

"पुढल्या वर्षी यान केनियाला चाललाय. कोणाकडे जाऊ? आणि मला न विचारता रविवार ठरवलात, तेव्हा एकदा तरी…"

तात्या टोपी काढून डोकं खाजवायला लागले. शब्द दिला होता दिंडोरीला. मोडला तर बाळासाहेबांचा अपमान, पाळला तर पोरीचा महिना गेला. कदाचित पोरगीच गेली असती हातातून.

इथं मी खुर्ची मागे ढकलली. माझी एक पद्धत आहे. मुंबईला वकिलातीत पाठवण्याआधी प्रत्येक गिऱ्हाइकाची मी खोटी मुलाखत घेतो. खुंटीवरचा कोट चढवला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला आणि चेहरा इतका थंड केला, की चहावाल्यानं आणलेल्या चहावर साय धरली.

"मी व्हिसा साहेब. वैशाली, समोर बस. बाकीचे काचेच्या बाहेर आहेत असं समजा. नाव?"

"वैशाली रामदास…" तात्यांनी सुरुवात केली.

"तात्या, काच!"

"हां, हां. काच."

"हॉलंडला कशाला जाता?"

"फुलं बघायला," पुन्हा तात्याच.

"नाशिकला फुलं नाहीत?"

"नाय कशी? लय हायेत! आमच्याच घरी…"

मी टेबलावरचा शिक्का उचलून कोऱ्या कागदावर धाडकन मारला. "रिजेक्ट! घरी आहेत तर घरी बघा." तात्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं आणि मुलाखत संपेपर्यंत ते सोडलं नाही.

मी किरणकडे बोट केलं. "हे तुमचे कोण?"

"होणारे," वैशाली म्हणाली. हा शब्द तिनं कारल्याच्या रसासारखा गिळला.

"किती ओळख आहे?"

"कालपासून. मी चहा नेला होता."

"काय बोलणं झालं?"

"साखर किती, विचारलं."

"मग किती?"

"ते सांगायच्या आत यांच्या वडिलांनीच सांगितलं, दोन चमचे."

किरण मान खाली घालून म्हणाला, "मी बिनसाखरेचा पितो खरं तर."

मी चष्मा काढला. "बघा आता. मुलाखत पुढच्या आठवड्यात, साखरपुड्याचा फोटो या आठवड्यातला. व्हिसा साहेब रोज शंभर फायली हुंगतो. त्याला दुरूनच वास येणार की हा नवरा व्हिसासाठी उभा केलाय. एकदा नकार आला की पुढच्या प्रत्येक अर्जात तो सांगावा लागतो. जन्मभर."

"म्हंजे आमचं पोरगं बनावट?" बाळासाहेबांच्या मिशीवरचे पोपट उडाले.

आता खरं कौशल्य. माणसाला मागे फिरायला लावायचं असेल, तर त्याला आधी मागे सन्मानानं जायला रस्ता करून द्यावा लागतो. मी ड्रॉवरमधून विमानांचं एक जाडजूड टाइमटेबल काढलं, मधलं पान उघडलं आणि त्यावर बोट ठेवलं.

"छे छे, मुलगा अस्सल आहे. अडचण नियमाची आहे. साखरपुडा सहा महिने मुरल्याशिवाय शेंगेनवाले धरत नाहीत."

"मुरायला ते काय लोणचं हे का?"

"डझनभर देशांनी मिळून केलंय, बाळासाहेब. एकट्यादुकट्याचं काम असतं तर मी बोललो असतो."

असा नियम पृथ्वीच्या पाठीवर कुठेही नाही. पण मी तो इतक्या गंभीरपणे सांगितला, की क्षणभर मलाच त्याचं कलम आठवलं.

बाळासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "सरकारी नियमच आडवा आला तर तुमचा आमचा काय विलाज? तात्या, रविवारचं राहू द्या. पोरगी जाऊन येऊ द्या, मंग बघू." सगळे उठले. पायरीवरून किरण हळूच मागे वळला. "सर, माझा पासपोर्ट काढायचा तर काय काय लागंल?"

"गाडीत बस!" बाहेरून गर्जना आली.

मग खरी फाइल तयार झाली. पॉलीहाउसचं काम वैशाली बघते याचं तात्यांचं पत्र, गणपतीत दादरच्या फुलवाल्याला पुरवायच्या गुलाबांची ऑर्डर, यानचं आमंत्रण, परतीचं बुकिंग. मुलाखतीच्या दिवशी नाशिक रोडहून सकाळची गाडी पकडून आम्ही तिघं मुंबईला गेलो. तात्यांनी साहेबासाठी गुलाबांची एवढी मोठी पाटी आणली होती, की डब्यातल्या लोकांना वाटलं कोणाची तरी वरात आहे. मी ती वकिलातीच्या दारावरच्या वॉचमनकडे ठेवायला लावली. फुलं बघून लाच समजले असते तर मी लावलेले सगळे कागद वाया.

आत फक्त वैशाली गेली. पुढचं तिनं मला परतीच्या गाडीत सांगितलं, तात्यांना डुलकी लागल्यावर.

खिडकीत एक गोऱ्या मॅडम होत्या. सगळे प्रश्न नेहमीचे. मग तो आला: परत कशाला येणार? वैशालीनं पाठ केलेलं म्हणून दाखवलं. पॉलीहाउस, गुलाब, गणपतीची ऑर्डर. मॅडमनी वर न बघता विचारलं, "गुलाब तुझे वडीलही तोडू शकतात, नाही का?"

पाठ केलेलं संपलं होतं. वैशाली म्हणाली, "गुलाब तोडतील, मॅडम. पण मी परत आले नाही, तर माझ्या मागे माझं लग्न ठरवून टाकतील. आत्ताच ठरवलं होतं, तुम्हाला पुरावा दाखवायला. नाही म्हणायला तरी मला तिथं हजर असायला हवं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "आम्हाला दाखवायला?"

मग पोरीनं सगळं सांगितलं. नारळ, साखरेचे दोन चमचे, माझा सहा महिन्यांचा नियमसुद्धा. मॅडम इतक्या हसल्या, की शेजारच्या खिडकीतला साहेब उठून बघायला आला.

"पण असा नियम आमच्याकडे नाही," त्या डोळे पुसत म्हणाल्या.

"माहीत आहे मॅडम. फक्त दिंडोरीला कळवू नका."

ती बाहेर आली तेव्हा तात्या फुटपाथवर उभे होते. घामानं टोपी भिजलेली.

"काय विचारलं?"

"परत का येणार, ते."

"मग? काय सांगितलं?"

"तुम्ही आहात म्हणून."

तात्यांनी टोपी काढली, टोपीनंच डोळे पुसले आणि वॉचमनला अख्खी पाटी देऊन टाकली.

व्हिसा मिळाला. वैशाली मे महिन्यात गेली आणि ठरल्या विमानानं परत आली. आल्या आल्या तिनं घरातल्या सगळ्यांना देठाच्या लांबीप्रमाणे गुलाब वेगळे करायला बसवलं. तात्यांनी आधी कुरकुर केली, मग स्वतःच पट्टी घेऊन बसायला लागले. पुढे काही वर्षांनी तिनं लग्न केलं. मुलगा तिनं तीनदा भेटून, स्वतः प्रश्न विचारून पसंत केला. त्या भेटींना तात्या अंगणात थांबले, आत आले नाहीत.

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक तरुण गिऱ्हाइकाला मी आता हेच सांगतो. खिडकीपाशी एकट्यानं जायचं, आणि पाठ केलेलं संपलं की खरं बोलायचं. बाकीचं बोलायला एजंट असतो.