काकूंचं घबाड

भट्टीवाल्या काकूंचा आवाज आधी ऐकू यायचा, पावाचा वास नंतर. नवरा गेल्यावर त्यांनी बेकरी एकटीने रेटली. गॅस तिपटीने महागला तेव्हा पलीकडच्या रस्त्यावरच्या बेकरीवाल्याने शटर ओढलं, आणि त्याची इस्पितळाची ऑर्डर काकूंकडे आली. काकूंना घबाड लागलं म्हणून गल्लीभर चेष्टा. कसलं डोंबलाचं घबाड! आलेला पैसा गॅसच्या बिलातच जायचा.

अशात दिराने बातमी आणली, सरकार घबाड-कर लावतंय. दीर म्हणजे अर्धवट ऐकून पुरतं सांगणारा माणूस. काकूंनी लगेच हिशेब मांडला. ऑर्डर सगळ्या गल्लीला ठाऊक, लपवणार काय कपाळ? कर भरला तर बिल थकणार, बिल थकलं की भट्टी बंद. त्या रडल्या. पिठाच्याच हातांनी डोळे पुसले आणि तोंड पांढरं झालं म्हणून आरशावरही चिडल्या.

सकाळची विक्री आटोपून त्यांनी तडक कर कचेरी गाठली.

"माझं घबाड इस्पितळाचं आहे," खिडकीतल्या बाईंना त्यांनी सांगून टाकलं. "घ्यायचं ते घ्या, पण भट्टी चालेल एवढं ठेवा."

बाई आधी हसल्या, मग काकूंचा चेहरा बघून खुर्ची पुढे ओढून बसल्या. त्यांनी सगळं नीट समजावलं. भाव भडकल्यामुळे बसल्या जागी बक्कळ नफा झालेल्या बड्या कंपन्यांवर हा कर होता, गॅस कंपनी त्यात पहिली. त्याच पैशातून छोट्या भट्ट्यांचं अर्धं बिल यंदा माफ व्हायचं होतं.

"तुम्ही द्यायचे नाहीत काकू, तुम्हाला मिळायचेत."

काकूंना ते पटेना. त्यांनी बाईंना पुन्हा सगळं सांगायला लावलं. कंपनी गप्प बसेल का, असंही खोदून विचारलं. कंपनीने आकांडतांडव केलं होतं, पण कायदा झाला होता. पुढच्या वर्षीचं मात्र कुणालाच माहीत नव्हतं. यंदाचं तरी निभावलं म्हणून काकूंचा जीव भांड्यात पडला. निघता निघता त्या थबकल्या. बंद पडलेल्या बेकरीला मिळेल का?

पुन्हा सुरू केली तर मिळेल, बाई म्हणाल्या.

काकू घरी गेल्याच नाहीत. पलीकडच्या रस्त्यावर जाऊन त्यांनी बेकरीवाल्याचं दार बडवलं. तो बिचारा दाढी वाढवून बसला होता.

"ऊठ, भट्टी पेटव," त्या म्हणाल्या. "इस्पितळाचे अर्धे पाव तू दे. माझ्याच्याने एवढं होत नाही आता."

शेवटचं वाक्य धादांत खोटं होतं.